कार्ड न घालता

चादर अर्धी अंथरून सुनंदाताई गेस्टच्या पलंगावरच बसल्या. आमच्या कामात हे चालत नाही. मी दार लोटलं आणि त्यांना पाणी दिलं.

"चक्कर आली गं. कोणाला सांगू नकोस. घरी बसवतील." त्यांच्या घरात पगार एकट्या त्यांचाच येतो.

काशीमीऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात आम्ही दोघी हाउसकीपिंगला आहोत. म्हणजे गेस्ट गेला की खोली साफ करून पुढच्यासाठी तयार करायची. यंदा ऊन फारच वाढलं, तसं हॉटेलने पर्यावरण मनावर घेतलं. लिफ्टजवळ बोर्ड लागला, पृथ्वी वाचवा. गेस्टना विनंती केली, एसी चोवीसवर ठेवा. आम्हाला मात्र ऑर्डर आली. दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं की खोलीतली वीज चालू होते. साफसफाई करताना ते कार्ड घालायचं नाही. खिडक्या तर स्क्रू मारून बंद. गादी उचलताना जीव घाबरा व्हायचा.

"तू बोल साहेबांशी," ताई म्हणाल्या. "मी बोलले तर माझं वय विचारतील."

मोठ्या माणसांशी बोलायचं म्हटलं की माझा आवाजच फुटत नाही. मॅनेजर साहेबांच्या केबिनपर्यंत गेले आणि परत आले.

"काय गं, दरवाजा पुसून आलीस?" ताईंनी विचारलं.

परत गेले. तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, खोली चेक करता?"

चेकिंग साहेबांना आवडतं. ते आले. आम्ही चादर घालत होतो. त्यांनी नळ बघितले, आरशावर बोट फिरवलं, पलंगाखाली वाकून कोपरे बघितले. उठले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"एसी बंद पडलाय काय? मेंटेनन्सला सांगितलं नाही?"

"चांगला आहे, साहेब. कार्ड घातलं नाही."

साहेबांनी खाचेकडे बघत मान पुसली. "मग खिडकी तरी उघडा यार."

"स्क्रू आहेत," ताई म्हणाल्या.

एसी काही मिळाला नाही. पण दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सवाल्याने स्क्रू काढले. आता वारा येतो, त्याच्याबरोबर ट्रकचा धूर आणि धूळही येते. टेबल दोनदा पुसावं लागतं. कंबर जास्त दुखते. सुनंदाताई कामावर आहेत.

साहेबांना सांगितलं असतं तरी कळलं असतं बहुतेक. पण पलंगाखाली वाकलं की लवकर कळतं.