धुतलेली टाकी

टाकी फुटली तेव्हा मी चहाचे कप घेऊन गोठ्याच्या दारात उभी होते. आवाज कसा झाला ते मला आठवत नाही. कानात शिट्टी वाजत होती आणि वरचे दोन पत्रे उडून आभाळ दिसत होतं. माझा मुलगा डोळ्यावर हात दाबून भिंतीपाशी बसला होता. त्याचा तुडील गावचा दोस्त जमिनीवर लोळून शर्टाची आग विझवत होता. वेल्डिंग करणारा उताणा पडला होता. त्याच्याकडे मी एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

तिघंही एकाच कारखान्यात कामाला. म्हशी विकल्यावर आमचा गोठा रिकामा पडला, तिथे मुलाने हा उद्योग मांडला. सुट्टीच्या दिवशी तिघं जमायचे. जुन्या मोटरसायकली आणून त्यांचे सांगाडे कापायचे, लांबवायचे, हँडल उंच करायचे. धडधाकट गाडीची अशी मोडतोड कशाला, हे मला कधी कळलं नाही. पण पोरं दारू पीत नव्हती, घरी डोळ्यांसमोर होती, म्हणून मी बोलत नव्हते.

वेल्डर सोलापूरकडचा. बिरवाडीला खोली घेऊन बायकोसोबत राहायचा. तिघांत हात त्याचाच चांगला.

"मावशी, ही गाडी झाली की तुम्हाला मागं बसवून पोलादपूरच्या बाजाराला नेतो," तो म्हणायचा.

"मला कशाला? बायकोला ने."

"ती बसत नाही. म्हणते, आधी माणसांसारखी गाडी आणा."

"शहाणी हाय."

"आये, त्याला चहा कमी देत जा," माझा मुलगा म्हणायचा. "कप हातात आला की याचं तोंड सुटतं."

आधीच्या गाडीची पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. धुऊन तशीच ठेवली होती, आठ दिवसांत आत तांबडे पापुद्रे सुटले. तिघांची मेहनत वाया गेली. आमच्याकडची हवाच तशी. ओला कोयता कोपऱ्यात ठेवला तर सकाळी त्यावर गंज धरलेला असतो. म्हणून धुतलेल्या लोखंडावर रॉकेलचं फडकं फिरवायचं, हे मला सासूने शिकवलं. मी आयुष्यभर तेच केलं. विळा, कोयता, पहार, माझं एकही हत्यार कधी गंजलं नाही.

त्या दिवशी वेल्डरने या नव्या गाडीची टाकी सोड्याच्या गरम पाण्याने तीन वेळा धुतली. मीच चुलीवर पाणी तापवून दिलं होतं. टाकीच्या तोंडाला नाक लावून त्याने आतला वास घेतला.

"आता काही नाही आत. जेवून येऊ, मग जोड मारतो," म्हणाला.

ते ओटीवर जेवायला बसले. मी गोठा झाडायला गेले. टाकी उचलून हलवली तर आत पाणी खळखळलं. मनात आलं, हीही गंजणार आणि पुन्हा शिव्या ऐकू येणार. रॉकेल आता मिळत नाही. बाटलीत पेट्रोल होतं, ते अर्धा पेला ओतलं, चारी बाजूंनी फिरवलं, पाण्यासकट बाहेर काढलं आणि टाकी होती तशी ठेवली. कुणाला सांगितलं नाही. झाडलोट केल्यावर कुणी सांगतं का?

वेल्डरने दुसऱ्यांदा वास घेतला नाही. का घ्यावा? त्याने स्वतःच्या हाताने धुतली होती. पेट्रोलचा वास तर त्या गोठ्याला रोजचाच.

मुंबईच्या इस्पितळात पाचव्या दिवशी त्याचा जीव गेला.

सगळे म्हणाले, माणूस निष्काळजी होता. टाकी न धुताच आग लावली, घाई नडली. कारखान्यात हेच, गावात हेच. मुलाच्या डोळ्यावरची पट्टी निघाली, डोळा मात्र गेला होता. तेव्हा मी त्याला खरं सांगितलं.

"आये, गप्प बस. आता बोलून तो परत येणार नाय. तुला पोलीस बोलावतील."

मी गप्प बसले. पोलिसांना भिऊन नव्हे. मुलाने सांगितलं आणि मला ते सोयीचं होतं, म्हणून. तो महिना मी नीट जेवले, नीट झोपले. लोक वेल्डरला नावं ठेवत होते तेव्हा मान हलवत होते.

मग कळलं, त्याची बायको खोली रिकामी करतेय. मी बिरवाडीला गेले. ती भांडी पोत्यात भरत होती.

"बसा मावशी."

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. तिच्या हातात तवा होता, तो तिने खाली ठेवला.

"महिनाभर कुठं होतात?"

तिने पोतं बाजूला सारलं.

"सासरे रोज म्हणतात, पोरगा स्वतःच्या हलगर्जीनं गेला. भावकीत मान वर करत नाहीत. मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." तिने फोन लावला आणि माझ्यासमोर धरला.

म्हातारा पलीकडून "कोण?" म्हणाला. मी कोण ते सांगितलं. पाणी, पेट्रोल, अर्धा पेला, सगळं सांगितलं. टाकी त्याने तीन वेळा धुतली होती, हे दोनदा सांगितलं.

मग त्याने विचारलं, "बाई, तुमचा पोरगा?"

"वाचला," मी म्हटलं.

"आणि तो तिसरा?"

"तोही वाचला."

त्याने फोन ठेवला. माझं त्याने विचारलं नाही. मीही वाचले.