सोमवारचा पट्टा

"ए न्हाव्या, मशीन आणली का बे?"

प्रार्थना नुकतीच संपली होती. सगळी शाळा मैदानात रांगेनं उभी. पीटीचे सर ओट्यावर, हातात माइक. मला नाव होतं. हजेरीत होतं, वह्यांवर होतं, सरांना चांगलं पाठ होतं. माइकवरून मात्र ते कधी आलं नाही. मी आठवीत होतो. दप्तरातून केस कापायची मशीन काढली आणि सगळ्यांच्या समोरून चालत ओट्यापाशी गेलो. मुलींच्या रांगेत हसू फुटलं. पोरं हसली नाहीत. आज कोणाचा नंबर लागतो या धास्तीत ती उभी होती.

आमचं गाव धाडच्या रस्त्यावर. बाबांचं दुकान एसटीच्या थांब्यासमोर. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीला टेकवलेला बाक. शाळा संस्थेची. तिथं दर सोमवारी पोरांची केस तपासणी व्हायची. केस वाढलेले दिसले की सर डोक्याच्या मधोमध, कपाळापासून टाळूपर्यंत, एक पट्टा मारायचे. तेवढाच. बाकीचे केस तसेच ठेवायचे. मग ते पोरगं दिवसभर तसंच वर्गात बसायचं. पुढे पुढे नुसत्या केसांसाठी नाही, कशासाठीही पट्टा मिळू लागला. मागच्या बाकावर बोलला, पट्टा. शिट्टी वाजवली, पट्टा. उशिरा आला, पट्टा. मुलींना नुसतं रागावलं जायचं. पोरांसाठी सरांचा वेगळा सिद्धांत होता. ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं सांगायचे, "पोट्ट्याले मारून काही होत नाई. त्याले लाज आणा. लाज आणली का तो सरळ होते."

एकदा त्यांच्या कात्रीनं एका पोराचा कान कापला. त्याचा बाप शाळेत येऊन बराच वेळ ओरडत होता. तेव्हा हेडसरांनी तोडगा काढला. सरांनी हात लावायचा नाही. आपल्याच शाळेत न्हाव्याचं पोरगं आहे, त्याच्याकडून करून घ्या. म्हणजे मास्तरनं कापलं असं कोणी म्हणणार नाही.

आता खरं सांगतो. सुरुवातीला मला ते आवडलं. सर माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. पहिल्या तासाला बसावं लागत नव्हतं. मला कोणी छडी मारत नव्हतं. जी पोरं मला दुकानावरून चिडवायची, ती माझ्यासमोर मान खाली घालून बसायची. त्या डोक्यांवर मी मशीन चालवली आणि मला बरं वाटलं. हे लपवणार नाही.

संध्याकाळी तीच पोरं दुकानात यायची. बाबा बाकीचे केस काढून डोकं सारखं करून द्यायचे. बाबांच्या खुर्चीवरून कोणी अर्धवट डोकं घेऊन उठत नसे. वीज गेली तरी ते मेणबत्ती लावून, हातकात्रीनं, पूर्ण करूनच माणूस उठवायचे. मी दिवसा अर्धवट करायचो, ते संध्याकाळी पूर्ण करायचे. दोघांमध्ये त्यावर एक शब्द होत नव्हता.

सोपान माझ्याच वर्गात होता. त्याचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ असायचे. त्याचे केस बारीक, फक्त मागे मानेवर एक बट. वीतभर. शर्टाच्या कॉलरमध्ये खोचलेली. ती नवसाची होती. त्याची धाकटी बहीण तीन वर्षांची झाली तरी पाय टाकत नव्हती. ती चालायला लागली की बट देवीपाशी उतरवायची, असं त्याच्या मायनं बोललेलं. हे मला माहीत होतं. बाबा महिन्याला त्याचे केस कापायचे तेव्हा ती बट एका हातानं बाजूला धरायचे. तिला कात्री लागू द्यायचे नाहीत. मी शेजारी उभा राहून ते बघितलेलं होतं.

त्या सोमवारी सर रांगेतून फिरत होते. संस्थेच्या सचिवांचा पुतण्या आमच्याच वर्गात. केस कानावर आलेले, पुढून पिवळे रंगवलेले. सर त्याच्यापाशी थांबले. म्हणाले, "घरी सांगजो, कापून घे." आणि पुढे गेले. पुढे सोपान होता. सरांनी त्याची कॉलर ओढली.

"हे काय बे? पोरगी हाय का तू?"

सोपाननं कॉलर पुन्हा वर ओढली. मी बोललो. "सर, हे नवसाचे हायेत. शाळेत कापत नसतात."

"तू न्हावी हायेस, भटजी होऊ नको. चालव."

मी चालवली.

कोणी माझा हात धरून चालवला नाही. मी चालवला. बट खाली मातीत पडली. सोपान खाली बसला, एकेक केस वेचून रुमालात गोळा करू लागला. सर माइकवरून म्हणाले, "पाहा, कसा सरळ झाला." मग राष्ट्रगीत झालं आणि आम्ही वर्गात गेलो. सोपान वर्गात आला नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही.

संध्याकाळी त्याची माय दुकानात आली. शाळेत नाही गेली, दुकानात आली. पायरीवर उभी राहिली. बाबांना म्हणाली, "भाऊ, तुमी वरीसभर थे बट सांभाळली. तुमच्या पोरानं कापली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणं कापली?"

"सरनं सांगतलं."

"म्या काय इचारलं? कोणं कापली?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सरांचे हात कोरडे आहेत. हेडसरांचे कोरडे आहेत. सचिवांना तर काही माहीतच नाही. गावात जे पाप बोललं जाईल ते माझ्या नावानं बोललं जाईल, बाबांच्या खुर्चीच्या नावानं बोललं जाईल. मला माइकवरून न्हावी म्हणत होते ते चिडवणं नव्हतं, ती नेमणूक होती. पोरांना पोरांकडून लाज आणायची, आणि त्यातही ज्याच्या बापाला गावात मोठ्यानं बोलता येत नाही असं पोरगं निवडायचं. माझा संताप झाला. सरांवर झाला, त्याहून जास्त स्वतःवर झाला.

पुढच्या सोमवारी मी मशीन न घेता निघालो. बाबांनीच ती हातात दिली. "ने. त्याह्यच्याशी वैर परवडत नाई आपल्याले." मी घेतली.

मैदानात सरांनी सहावीतलं एक पोरगं पुढे काढलं. बारकं, नाक ओढत होतं. "चालव."

मी म्हणालो, "पयले त्याचे." आणि बोट दाखवलं.

"कोणाचे?"

"सचिवसायबाच्या पुतण्याचे. पयले त्याचे, मंग बाकीच्याईचे."

माइक सुरूच होता. सगळ्या शाळेनं ऐकलं. सर ओट्यावरून उतरले आणि कानाखाली मारली. मी म्हणालो, "नाई चालवत." त्यांनी माझ्या हातातली मशीन हिसकली, माझी मान दाबली आणि माझ्याच डोक्यावर कपाळापासून मागेपर्यंत पट्टा मारला. मशीन कशी धरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. रक्त आलं. मी हललो नाही. ते थांबले तेव्हा मी मशीन मागून घेतली. ती बाबांची होती.

हेडसरांच्या खोलीत बाबांना बोलावलं. ते दुकानातूनच आले, खांद्यावर गिऱ्हाइकाचा कपडा तसाच. कोणी बसा म्हटलं नाही. हेडसरांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "माफीनामा लिही. नाहीतर दाखला घेऊन जा. आणि वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं ते आमच्या हातात आहे. पुढे पोलीस भरतीला, कुठंही, तो कागद लागतो."

"लिहून दे, बापा," बाबा म्हणाले. हात जोडलेले होते. ते जोडलेले हात मला आजही सहन होत नाहीत.

मी लिहिलं. 'सोपानच्या आईस. मी तुमच्या नवसाची बट कापली. सरांनी सांगितलं म्हणून कापली, पण कापली मी. चूक माझी आहे. शाळेच्या सांगण्यावरून मी यापुढे कोणाच्याही डोक्याला हात लावणार नाही.' खाली पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट.

हेडसरांनी वाचलं, कागद फाडला आणि कारकुनाला दाखला करायला सांगितला. वर्तणूक, समाधानकारक नाही. ते अक्षर अजून माझ्याकडे आहे.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "चाल, सारखं करून देतो." मी नको म्हणालो. तसाच, डोक्यावर पट्टा घेऊन, सोपानच्या घरी गेलो. त्याच्या मायसमोर उभा राहिलो, तोंडानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुह्या माफीनं थे बट येत नाई," ती म्हणाली, आणि आत गेली.

ती पोरगी पुढे चालली की नाही, हे मी सांगणार नाही. चालली म्हटलं तर लोक म्हणतील, मग बटेनं काय बिघडलं. नाही म्हटलं तर म्हणतील, अडाणी लोक. दोन्हीकडून मास्तरच सुटतात.

आज माझं दुकान नांदुऱ्याला आहे. मागच्या महिन्यात इथल्या एका शाळेचे मास्तर आले. चांगले कपडे, गोड बोलणं. "सोमवारी अर्धा तास या. पोरांना जरा शिस्त लागेल. जे काय होईल ते देऊ." मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणून मोकळा झालो असतो तर आठवीतलाच राहिलो असतो. मी चौकशी केली. ते दुसरं कोणी शोधत होते. मी शिक्षणाधिकाऱ्यांना तक्रार लिहिली, माझ्या नावानं, दुकानाच्या पत्त्यासह. उत्तर आलं नाही. दुसरी लिहिली. तेव्हापासून त्या शाळेच्या संस्थेची माणसं माझ्या दुकानात येत नाहीत. न येवोत.

सोमवारी सकाळी बाजारातली बाकी दुकानं उघडलेली असतात. माझं मात्र पोरं मैदानातून वर्गात जाईपर्यंत बंद असतं. मी त्या शाळेच्या फाटकाशी उभा असतो. शिपाई हटकतो, मी हटत नाही. पुढच्या सोमवारीही असेन, त्याच्या पुढच्याही. ज्याला पोरांच्या डोक्याला हात लावायचा असेल त्यानं माझ्या देखत लावावा.