कालवाच्या बरणीवरची तीन नावं

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्या सांभाळणारे एक नाना होते. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण कालवाचा शिंपला असा हळू उचलायचे की आत जीव आहे असं वाटावं.

त्या कालवाचं शास्त्रीय नाव पुस्तकांत दोनदा बदललं. नावातली प्रजाती आधी ओस्ट्रिया होती, मग क्रासोस्ट्रिया झाली, आता मॅगालाना. नवी चिठ्ठी लिहून मी नानांना म्हणाले, "जुन्या दोन्ही फाडून टाका." त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाहते तर बरणीच्या गळ्याला तिन्ही चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधलेल्या, नवी सगळ्यांत वर.

"नाना, काय सांगितलं होतं?"

ते बरणी पुसत राहिले. "मॅडम, आमच्या हिचं नाव लग्नात बदललं. ताटातल्या तांदळात मीच अंगठीनं लिहिलं. आधारकार्डावर बी तेच शे."

"मग?"

"मागं तापात पडली होती. त्या नावानं किती हाका मारल्या, ओ दिली नाही." त्यांनी बरणी फळीवर ठेवली. "माहेरच्या नावानं दिली."