पाण्याखालच्या गावात केवळराम

घरात मी त्यांचं नाव घेत नाही. अडतीस वर्षं 'अहो'वर निभावलं. पण लिहिताना घेणार, कारण जे सांगायचं आहे ते 'अहो' म्हणून सांगता येण्यासारखं नाही. तर केवळराम रहांगडाले, जातीने पवार, राज्याच्या पूर्व टोकाच्या गोरेगाव तालुक्यातले धानाचे शेतकरी, वय पासष्ट, आणि माझे नवरे. मी त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. शाळेतली सगळ्यात आडमुठी पोरंही वर्षभरात सुधारत. घरातला विद्यार्थी तसाच राहिला.

या माणसाचा राग आरडाओरड्याचा नाही. तो मुरतो. सख्ख्या भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून वाजलं, तर अकरा वर्षं बोलले नाहीत. दोघांची बांधी, म्हणजे धानाची खाचरं, लागून, दोघं एकाच वेळी चिखलणी करणार, आणि एकमेकांकडे पाठ करून बिडी ओढणार. शेवटी भाऊ वारला. तेव्हा हे धाय मोकलून रडले, आणि तेराव्याला म्हणाले, "धुरा तं त्यानंच फोडला होता." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज पाहते.

आमच्या दोन मुली. थोरली दिव्या कामठ्याला दिली, वाजतगाजत. धाकटी नीतू गुरांची डॉक्टर झाली, पुढे शिकायला स्पेनला गेली, तिथे गायींच्या आजारांवर काम करू लागली. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला की, तिथल्याच आन्शो नावाच्या डॉक्टरशी तिने कचेरीत सही करून लग्न केलं. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून नाही विचारलं, असंही तिने सांगून टाकलं. मुलगी बापावर गेली आहे.

केवळरामांनी फोन माझ्या हातात दिला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. त्यानंतर दोन वर्षं तिच्याशी एक शब्द नाही. गावात कोणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "नीतू नोकरीवर आहे." आणि लग्नाचं? "कायचं लगन? मांडो नाई, वरात नाई, कोनं पाह्यलं?"

मी निवृत्त झाले आणि तिकीट काढलं. एकटीचं. तेव्हा यांना अचानक आठवलं की बायकोमाणसाने एवढ्या दूर एकटं जाऊ नये. ऑक्टोबर होता, लवकर पिकणारा हलका धान कापायला आलेला, तरी पिशवीत चिवडा, पोहे, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे कोंबून निघाले. मला वाटलं, वाटेसाठी घेतलंय.

वाटेसाठी नव्हतं. लुगो नावाच्या शहरात नीतूच्या घरी पोचलो. तिने पाण्याचे दोन पेले पुढे केले. मी प्यायले. केवळरामांनी हाताने पेला सरकवला. जेवायला बसलो तर हे पिशवीतले पोहे भिजवून घेऊन खिडकीपाशी बसले, आणि पोहे भिजवले तेही कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः आणलेल्या बाटलीच्या पाण्यात. सहा दिवस हेच. नीतूने वरण केलं, भात केला, कुठून तरी वांगी मिळवून भाजी केली. यांनी हात लावला नाही. आन्शो बिचारा रोज नव्या आशेने ताट मांडायचा. हे त्याच्याकडे असं पाहायचे, जसं शेतात शिरलेल्या दुसऱ्याच्या बैलाकडे पाहतात.

सहाव्या दिवशी नीतू माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज चढलेला होता, डोळे भरलेले. "आई, खरं सांग. बाबूजी कायले पीत नाहीत? रागानं, की रीत म्हणून?"

दोन्ही कारणं शक्य होती. आमच्या घरात बाप लेकीच्या सासरी पाणी पीत नाही. दान दिलेल्या लेकीचं काही घ्यायचं नाही, असा जुना कायदा. यांनी कामठ्याला दिव्याकडे कधी घोटभर पाणी घेतलेलं नाही. उन्हाळ्यातही आपली बाटली आपण नेतात, आणि मोठ्या अभिमानाने सगळ्यांना दाखवतात. पण आमच्याकडे वैऱ्याच्या घरचं पाणीही पीत नाहीत. आणि हा माणूस तर दोन वर्षं म्हणतोय की लग्न झालंच नाही. लग्नच नाही तर सासर कुठलं? मग उरतो तो वैरीच.

"विचार त्यांना," मी म्हणाले.

"विचारलं. म्हणाले, मर्जी."

मग तिनेच युक्ती काढली. शनिवारी आमचं परतीचं विमान होतं. त्याआधी आम्हाला पोर्तोमारीन दाखवायचं. अर्ध्या तासाचा रस्ता, जुनं गाव, फ्रान्सकडून सांतियागोपर्यंत चालत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं. तिथे तिचं घर नाही, चूल नाही. तिथे ती बापाला डबा वाढणार, सरकारी नळाचं पाणी देणार. घेतलं, तर रीत होती. नाही घेतलं, तर तिला कळेल की बापाने तिला टाकलं. "मग मी पुन्हा नाही बोलावणार, आई. पुन्हा नाही येणार मी गोरेगावले," ती म्हणाली. आणि ही पोरगी म्हणते ते करते.

गाडी आन्शो चालवत होता, केवळराम त्याच्या शेजारी पुढे बसले. नीतूने जाता जाता मला गावाची गोष्ट सांगितली, म्हणजे खरं तर पुढच्या सीटवरच्या पाठीला ऐकू जावी म्हणून. जुनं पोर्तोमारीन नदीकाठी होतं. साठेक वर्षांपूर्वी खाली धरण झालं, गाव बुडालं. त्याआधी लोकांना वर टेकडीवर नेलं, आणि चर्चही नेलं. एकेक दगड सुटा करून, त्यावर नंबर घालून, वर पुन्हा जसंच्या तसं रचलं.

"अन् लोकायच्या घरायवर नंबर टाकले का?" पाठीने विचारलं. त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

"नाही, बाबूजी."

"धरनवाले सगळीकडे सारखेच."

पुलाजवळ गाडी लावली. पाणी बरंच उतरलं होतं. नीतू आणि मी वर गावात जाणाऱ्या पायऱ्यांच्या बाजूला गेलो, तिला यात्रेकरूंसोबत माझा फोटो हवा होता. वळून पाहते तर केवळराम आणि आन्शो कठड्याशी दोघंच. एकमेकांची भाषा येत नाही, मनं जुळलेली नाहीत. मला वाटलं, आता हे त्याला चार शिव्या घालणार, त्याला कळणार नाही एवढंच. आन्शो खाली चिखलात उघड्या पडलेल्या जुन्या गावाच्या भिंतींकडे बोट दाखवत होता. मग त्याने मोबाईलवर काहीतरी दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. केवळराम बराच वेळ खाली वाकून बघत होते. मग निघून आले, तोंड आणखी आंबट करून.

त्यानंतर जे पाहिलं त्यातलं यांना काही म्हणजे काही पसंत पडलं नाही. चर्चच्या दगडांवरचे पुसट नंबर बघून म्हणाले, "धानाच्या बोऱ्यायवर टाकते तसे टाकले." यात्रेची खूण म्हणून गळ्यात शिंपले लटकवून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालणारे तरणेताठे यात्रेकरू बघून तर चेवच आला. "मी पचमढीले महादेवाचा डोंगर अनवाणी चढलो. यायचे बूट पाहा. यायची यात्रा आहे का फॅशन?" एका गोऱ्या बाईने हसून हात हलवला. यांनी मान फिरवली. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला या माणसाचा मनापासून तिटकारा आला. एवढ्या दूर येऊन पोरीचं तोंड उतरवायचं, एवढंच याला जमतं.

चौकात कमानींखाली एक बाक होता. नीतूने डबा उघडला. पहाटे उठून तिने सुवाऱ्या केल्या होत्या, आमच्याकडे पुरीला सुवारी म्हणतात, आणि सुकी वांग्याची भाजी. चौकातल्या नळावरून स्टीलचा पेला भरून आणला आणि बापापुढे धरला. 

"बाबूजी, हे माझं घर नाही. पाणी पण माझं नाही. प्या."

केवळरामांनी पेल्याकडे पाहिलं. कोरडे ओठ चाटले. आणि पेला हाताने सरकवला.

"नाई पेत."

नीतूने पेला बाकावर आपटला. अर्धं पाणी सांडलं. "झालं! कळलं मले! सहा दिवस मी स्वतःला समजावून राहिले की बाबूजी रीत पाळून राहिले. रीत नाही ना ही! इथे कुठली रीत? तुम्हाला मी नकोच आहे. मेली समजा तुम्ही मला, आणि जा शनिवारी. परत फोनही नका करू!"

आजूबाजूचे लोक थांबले. आन्शो मध्ये पडायला उठला, काय चाललंय ते न कळता. मी केवळरामांवर ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्याआधी उघडलं.

"अक्कल आहे का नाई तुले? डॉक्टर झाली म्हनते!" आवाज चौकभर घुमला. "हे कोनाचं गाव आहे, मालूम आहे का? याच्या आज्याचं घर आहे खाली. चौकट अजून उभी आहे. मले दाखवली यानं, फोटो दाखवला त्या चौकटीतल्या बुढ्याचा."

नीतू गोंधळली. "हो, पण ते साठ वर्षांपूर्वी! आन्शो इथे जन्मला पण नाही. त्यांचं कोणीच इथे राहत नाही."

"रायत नाई म्हनून गाव बदलते का? आपन मालवा सोडून तीनशे वर्सं झाले. तुह्या बापानं पाह्यला का मालवा? आज्यानं पाह्यला? तरी कोनी पुसलं तं आपन धारचे पवार सांगतो का नाई? मानसाचं गाव पान्यात गेलं, म्हनून त्याचं नाई रायत का?" त्यांनी पेल्याकडे बोट रोखलं. "भर चौकात बापाले जावयाच्या गावचं पानी पाजून राहिली! दिव्याच्या सासरी कधी घोट घेतला का मी? मंग तुह्या सासरी कसा घेऊ?"

नीतू बाकावर बसली, तिथेच, सांडलेल्या पाण्यात. दोन वर्षांत या माणसाच्या तोंडून जावई आणि सासर हे शब्द एकदाही आले नव्हते, आणि आज आले ते शिव्यांच्या सुरात. ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. आन्शोने घाबरून तिला काहीतरी विचारलं. तिने मान वर करून त्याला सांगितलं, आणि तो माझ्या नवऱ्याकडे बघतच राहिला.

"रडते कायले?" केवळराम खेकसले. "डबा बंद कर. पुढचं गाव कोनतं? तिकडं चाल. सहा दिवसापासून पोहे खाऊन राहिलो मी, भुकेनं जीव चालला."

पुढचं गाव गोन्सार, आठ किलोमीटरवर, रस्त्याकडेची चार घरं आणि गुरांचे गोठे. गाडीतून उतरण्याआधी केवळरामांनी नीतूला खोदून खोदून विचारलं, इथे जावयाचा मामा, मावसा, आत्या, कोणी आहे का. तिने आन्शोला विचारून सांगितलं, सात पिढ्यांत कोणी नाही. तेव्हा उतरले, एका भिंतीवर बसले, आणि नऊ सुवाऱ्या खाल्ल्या. नीतूने ओतलेलं पाणी घटाघटा प्यायले, पेला पुढे करून पुन्हा मागितलं. मग भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून तिला जावयासमोर चांगलं खडसावलं, दिव्याला खडसावतात तसंच.