पाडव्याचा लॅपटॉप आणि घरी राहिलेलं दावं

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरानं गेमिंगसाठी लॅपटॉप विकत घेतला आणि त्याच संध्याकाळी त्यावर गेम चालत नसल्याचं निष्पन्न झालं. खरेदी धाराशिवमधल्या एका दुकानात झाली. निष्पन्न जळकोटला, आमच्या घरात झालं. जीवितहानी नाही. (गेममधली धरली नाही तर!)

लॅपटॉप माझ्या मुलीला, सईला हवा होता. ती आमच्याच तालुक्यातल्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात गेम खेळणाऱ्यांचा संघ आहे. असा संघ असतो, ही माहिती मला प्रथम तिच्याकडून मिळाली आणि मी ती स्वतंत्रपणे पडताळून घेतली. असतो. संघात एक जागा रिकामी झाली होती. सुट्टी संपली की निवड होणार होती आणि लॅपटॉप ज्याचा त्यानं आणायचा होता. तोवर सई मैत्रिणीच्या लॅपटॉपवर खेळत असे. आता त्याच जागेसाठी ती मैत्रीणही उभी राहिल्यानं तो मार्ग बंद झाला होता.

"बाबा, एकच लक्षात ठेवा," सईनं मला बजावलं, "ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे. आतलं नुसतं नावाला असतंय, त्यावर गेम चालत न्हाय."

"माहिती आहे," मी म्हणालो.

माहिती नव्हती. पण मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. माहिती नसताना शांत राहण्याचा मला दीर्घ अनुभव आहे. मी दोन सूत्रांकडं चौकशी केली. कार्यालयात पानं लावणारा सहकारी म्हणाला, "स्क्रीन मोठा बघा, बाकी सगळं सारखंच." शाळेत संगणक शिकवणारे मेहुणे म्हणाले, "स्क्रीनवर जाऊ नका, रॅम बघा." दोन सूत्रांत एकवाक्यता नव्हती. तरी दोघांशी बोलल्यानंतर माझा आत्मविश्वास दुप्पट झाला!

बजेटचं गणित सरळ होतं. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा सगळ्यात स्वस्त लॅपटॉपही आमच्या बजेटच्या जरासा बाहेर जात होता. माझा जुना लॅपटॉप दिला की दुकानदार तेवढी सूट देणार होता, अट एकच: तो चालू असला पाहिजे. चालू होता. त्याची बॅटरी मेलेली होती, पण चार्जर लावून ठेवला की तो तक्रार न करता काम करायचा.

खरेदीला आप्पा आले. आप्पा माझे थोरले चुलते. जळकोटात कुणाचाही बैल आप्पांनी पाहिल्याशिवाय दावणीला लागत नाही, आणि आमच्या घरात फ्रिजपासून पंख्यापर्यंत काहीही घ्यायचं म्हटलं की आप्पा बरोबर असतात. जुना लॅपटॉप पिशवीत नीट भरण्याची जबाबदारीही त्यांनी स्वतःहून घेतली. ही बाब त्या वेळी कुणालाही संशयास्पद वाटली नाही.

दुकानदारानं दोन लॅपटॉप टेबलावर ठेवले. एक जाडजूड, वेगळ्या कार्डाचा. दुसरा पातळ, देखणा, बजेटच्या आत बसणारा. जाड लॅपटॉपवर त्यानं गेम सुरू करून सईपुढं सरकवला. सईची बोटं पळायला लागली. स्क्रीनवर धावपळ, धूर, गोळीबार सुरू झाला. थोड्याच वेळात लॅपटॉपच्या आतून घूंऽऽ असा आवाज यायला लागला.

आप्पांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पुढं होऊन लॅपटॉपच्या पाठीवर तळवा ठेवला.

"अंगात ताप हाय ह्याच्या."

"आप्पा, ताप न्हाय तो. जोर लावला की गरम होतंय."

"आन् ह्यो आवाज?"

"आतला पंखा हाय. गार करायला."

"म्हंजे धापा टाकायलंय!" आप्पा दुकानदाराकडं वळले. "का हो मालक, पाडव्याच्या दिशी आजारी जनावर गळ्यात घालता व्हय?"

दुकानदार म्हणाला, "काका, गेमिंगचा माल असाच असतोय. ताकदीचाय."

"ताकदीचं जनावर धापत न्हाय. ते बघा," आप्पांनी पातळ लॅपटॉपवर हात फिरवला, "कसं थंडगार हुबं हाय!"

(ते बंद होतं.)

या टप्प्यावर कुटुंबप्रमुख म्हणून मी हस्तक्षेप केला. "आवाज जास्त आहे हे खरं," मी म्हणालो. सईनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी ते विधान लगेच मागं घेतलं. शेवटी सई हटली नाही, आप्पा कुरकुरत नमले आणि जाड लॅपटॉप घ्यायचं ठरलं. दुकानदारानं खोका बाहेर काढला.

"जुना लॅपटॉप दाखवा साहेब. एकदा चालू करून बघतो."

मी पिशवी उघडली. लॅपटॉप होता. चार्जर नव्हता. पिशवी उलटी केली. माझे खिसे तपासले. (चार्जर खिशात मावत नाही, हे मला माहीत आहे. तपासले!)

"चार्जर कुठं गेला?"

"घरी हाय," आप्पा शांतपणे म्हणाले.

"विसरला?"

"इसरतोय कशाला? ठिवलाय."

"आप्पा, का?"

आप्पांना माझ्या अज्ञानाची कीव आली. "जनावर इकताना दावं कधी देत्यात व्हय? दावं दिलं की दावणीची लक्षुमी जातीया. इतकी वर्सं बैलं इकली, एक दावं घराभाईर जाऊ दिलं न्हाय म्या."

बैल विकला तरी त्याच्या गळ्यातली दोरी, म्हणजे दावं, घरीच ठेवायचं, हा रिवाज आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदारालाही होता, कारण त्यानं हसू दाबून मान डोलावली. त्याच्याकडचा एकही चार्जर आमच्या लॅपटॉपला बसेना. चालू न होणाऱ्या लॅपटॉपवर तो सूट देऊ शकत नव्हता, आणि एसटीनं जळकोटला जाऊन दुकान बंद व्हायच्या आत परत येणं शक्य नव्हतं.

"बाबा, उद्या परत येऊ," सई म्हणाली. "जुन्यावरची सूट आठवडाभर हाय."

"पाडव्याला दुकानाची पायरी चढून रिकाम्या हातानं उतरायचं?" आप्पा कडाडले. "आन् उद्या आलं तरी दावं मिळायचं न्हाय!"

निर्णयाचा क्षण होता. निर्णय मी घेतला. "यातही ग्राफिक्स असतीलच ना?" मी पातळ लॅपटॉपकडं बोट दाखवून विचारलं. दुकानदारानं त्यावर समुद्रातल्या माशांचा एक व्हिडिओ लावला. निळं पाणी, पिवळे मासे, कल्ल्यांवरचे ठिपकेसुद्धा मोजता यावेत!

"ग्राफिक्स उत्तम आहेत," मी जाहीर केलं.

"बाबा, तो व्हिडिओ हाय! तो मोबाइलवर पण असाच दिसतोय!"

"साहेब, पोरगी खरं बोलायलीय," दुकानदार म्हणाला. "गेमला अडचण येईल."

"थोडीफार?"

"लई."

"सेटिंग कमी ठेवू," मी म्हणालो. हे वाक्य मी एके ठिकाणी वाचलेलं होतं आणि ते वापरण्याची संधी मिळाल्याचं मला समाधान वाटलं. परतीच्या एसटीत सई खिडकीबाहेर बघत बसली.

घरी काकूंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीनं, नव्या लॅपटॉपला ओवाळलं, झाकणावर हळदकुंकवाची बोटं उठवली. मग सईनं गेम लावला. तिचा सैनिक एक पाऊल पुढं गेला आणि उभा राहिला. शत्रू भिंतीआडून निघाला, तोही उभा राहिला. बराच वेळ दोघं एकमेकांकडं बघत होते. पुढचं चित्र आलं तेव्हा सईचा सैनिक जमिनीवर आडवा होता.

"कवा मारलं गं त्याला?" काकूंनी विचारलं.

"आपल्याला दिसायच्या आधी."

"सेटिंग कमी कर," मी सुचवलं.

सईनं सेटिंग पार तळाला नेलं. आता सैनिकाला तोंड राहिलं नाही, झाडांना पानं राहिली नाहीत, आणि तरीही सगळे उभेच!

"थंड हाय पण," आप्पा लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाले.

"आवो, थंड तर पाटा पण असतोय," माझी पत्नी सुनीता मला उद्देशून म्हणाली. "पोरीची निवड जवळ आलीय. तिनं आता मासे दाखवायचे व्हय तिथं?"

मी दुकानदाराला फोन केला. तो भला माणूस निघाला. महागडा घेणार असाल तर बदलून देतो म्हणाला, फक्त चार्जरसकट जुना लॅपटॉप आणा, आणि नव्यावर डाग नको. डाग होता. काकूंच्या बोटांचं कुंकू झाकणात मुरलं होतं. सुनीतानं ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा लाल ठिपक्याचा गुलाबी ढग झाला.

ढगाचं पुढं बघता आलं असतं. खरा अडसर दावं होतं. आप्पा ऐकेनात. मी रिवाज आणि विज्ञान या विषयावर थोडक्यात बोललो. (थोडक्यात हे माझं मत. सुनीताचा स्वयंपाक तेवढ्यात झाला होता.) आप्पांनी मला "तू पेपरात लिही" एवढंच सांगितलं.

मग सई जुना चार्जर घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"आप्पा, दावं घरात ठिवायचं ते कशाला?"

"पुढच्या जनावराला. त्येच दावं नव्याच्या गळ्यात घालायचं, म्हंजे लक्षुमी टिकून ऱ्हाती."

"मग घाला की ह्याच्या."

आप्पांनी चार्जरची पिन नव्या लॅपटॉपला लावून पाहिली. बसेना. फिरवून पाहिली. चष्मा लावून पाहिली. माझा मोबाइल मागून घेतला, त्यालाही बसेना.

"आपल्या घरातल्या कुठल्याच गळ्यात ह्ये जात न्हाय आप्पा," सई म्हणाली. "जे गळ्यात जात न्हाय ते दावं कसलं?"

आप्पांनी वायर गुंडाळून बांधायची छोटी काळी पट्टी सोडवली, ती देव्हाऱ्यात ठेवली आणि उरलेला चार्जर सईच्या हातात दिला.

"ह्यी पट्टी दावं. बाकीचं इलेक्ट्रिक सामान. ने."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा धाराशिवला गेलो. दुकानाच्या दारातच सई म्हणाली, "बाबा, तुम्ही आन् आप्पा समोर चहा घ्या." आम्ही घेतला. नंतर आणखी एकेक घेतला. आप्पांनी बशीतला चहा फुंकत मला ऐकवलं, "जनावराची पारख आपुनच करावी गड्या. तू माशाला भुललास."

सई बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत जाड लॅपटॉपचा खोका होता. गुलाबी ढगाबद्दल दुकानदार काय म्हणाला, असं मी विचारलं. "पाडव्याच्या मालाला कुंकू लागायचंच, म्हणाला," तिनं सांगितलं. परतताना ती आप्पांशी भरभरून बोलत होती. खोका आप्पांनी मांडीवर घेतला होता आणि तो तापतो का, हे ते मधून मधून पाहत होते.

सुट्टी संपली, निवड झाली आणि ती रिकामी जागा सईला मिळाली. संघाच्या छायाचित्रासह ही बातमी जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका दैनिकात ठळकपणे छापून आली. आमच्या दैनिकात आली नाही. आमच्या तालुक्याच्या पानावर त्या दिवशी 'बजेटमधला गेमिंग लॅपटॉप कसा निवडाल?' हा माझा लेख होता, आणि त्यामुळे जागा शिल्लक नव्हती.