लग्नाला दोन वर्षं, लेक चार वर्षांची

माझी सगळ्यात धाकटी बहीण जन्मली तेव्हा मायनं चाळिशी ओलांडली होती आणि थोरल्या भावासाठी मुली बघणं सुरू होतं. सून यायच्या वेळी सासूच बाळंतीण! आमच्या पवनीत त्या वर्षी याहून मोठी करमणूक नव्हती. माय दोन महिने नदीवर गेली नाही, कारण बायका धुणं सोडून तिच्याकडेच बघत.

पण पाच लेकरं वाढवलेल्या बाईची नजर फसत नाही. पोरगी दीड वर्षाची झाली तशी माय म्हणू लागली, "हिचं काही येगळं आहे." नावानं हाक मारली तर पोरगी बघायची नाही, समोरच्या धानगिरणीचा पट्टा सुरू झाला की मात्र धावत दारात. पितळी झाकण भिंगरीसारखं फिरवत तास तास बसायची. बोलणं शून्य.

"शेंडेफळ आहे, उशिराच बोलते," आत्या सांगायची. "म्हातारपणचं लेकरू असंच राह्यते."

हे दुसरं वाक्य मायच्या वर्मी लागायचं. डॉक्टरकडे जावं, तर तिथंही वय सांगावं लागणार. या लाजेत पोरगी चार वर्षांची झाली; मधे, स्थळं हुकत हुकत, थोरल्याचं लग्नही झालं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मात्र मायनं ठरवलं, हिला काय आहे ते विचारायचंच, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला. अट एकच.

"माय म्हणून सूनबाई बसन. मी आजी."

मी पंधरा वर्षांची, शाळेच्या स्नेहसंमेलनात नुकतीच राणी झालेली. दिग्दर्शन आपसूक माझ्याकडे आलं. उमरेड येईपर्यंत एसटीत मी वहिनीची तालीम घेतली.

"वहिनी, पोरीकडे पाहून उसासा टाका."

"उसासा कायचा टाकू वो बाई? मले गाडी लागून राहिली!"

दवाखान्यात वहिनी पदर सावरून ऐटीत बसली. माय कोपऱ्यातल्या खुर्चीवर, आजीसारखी वाकून. डॉक्टरांनी सुरुवात साधीच केली.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"दोन," वहिनी म्हणाली. अगदी खरं!

"आणि मुलगी?"

"चार वर्षांची."

डॉक्टरांचं पेन थांबलं. कंपाउंडरनं मान वर केली. वहिनीला आपण काय बोललो ते कळलं आणि ती कुंकवाइतकी लाल झाली. हा प्रश्न माझ्या तालमीत नव्हता!

कोपऱ्यातली आजी ताडकन उठली. "सुनेवर आळ नोको, डाक्टरसाहेब. लेकरू माझं हाय. मीच पैदा केलं, या वयात!"

वहिनीनं खुर्ची इतक्या झटकन सोडली की खुर्चीच पडता पडता राहिली. माय बसली आणि मग तासभर बोलली. कितव्या महिन्यात हसली, कधी हसणं थांबलं, बोट दाखवून कधीच काही मागितलं नाही, दोन शब्द आले होते ते कधी गेले. डॉक्टर लिहीतच राहिले. शेवटी त्यांनी एक इंग्रजी शब्द सांगितला, ऑटिझम. आम्ही कुणीच तो ऐकला नव्हता.

"इतकं सगळं दीड वर्षातच दिसलं, तर तेव्हाच का नाही आणलं?"

"माझ्या वयाची लाज वाटली." मग माय अगदी हळू म्हणाली, "माझ्या वयानंच झालं काय हे?"

"तसं कुणी सांगू शकणार नाही. तो दोष घेऊ नका. पण दोन-अडीच वर्षं गेली. आता दर महिन्याला यायचं. शिकवू तिला, वेळ लागेल." त्यांनी कागद पुढे ओढला. "आईचं वय?"

"पंचेचाळीस," माय म्हणाली. डॉक्टरांनी आकडा लिहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं.

"खोडा ते. खरं लिहा, शेहेचाळीस."