परवीनआक्काचं उसनं नाव

आमच्या आगरी घरात परवीन हे नाव ऐकून नवा माणूस हमखास दचकतो. माझ्या थोरल्या बहिणीचं ते नाव. तिच्याआधीची आईची सगळी मुलं पाळण्यातच गेली. म्हणून ही जन्मली तेव्हा आईने जुन्या रिवाजाप्रमाणे तिला शेजारच्या जुबेदाचाचीच्या ओटीत टाकलं आणि मूठभर तांदूळ देऊन परत घेतलं. चाचीच्या घरी लूम, म्हणजे कापडाचे माग, चालायचे. मूल परक्याचं झालं की मरण त्याला विसरतं, अशी आमच्यात समजूत. नाव परक्यानेच ठेवायचं आणि त्याचा अर्थ कधी विचारायचा नाही. विचारला की ते फळत नाही.

आक्का जगली आणि चांगली भांडखोर निघाली. लग्नात सासरचे नाव बदलायला निघाले, तर भर मांडवात म्हणाली, "बदला. मी मेले तं रडत बसू नका." मीही कमी नव्हतो. "परवीन म्हंजे घूस असंल," म्हणून चिडवायचो. ती खरंच कानांवर हात ठेवायची.

आता तिची लेक भाविका सातव्या महिन्यातच बाळंत झाली. तिचं पहिलं मूल गेलेलं. ही मुलगी दवाखान्यात काचेच्या पेटीत, आणि डॉक्टर नीट काही सांगेनात. शेवटी नातीसाठी नाव मागायला आक्का मला घेऊन नारपोलीला चाचीच्या दारात गेली.

"नाम दूंगी," चाची म्हणाली, "पहले अपने नाम का मतलब सुन. मैं कितने दिन हूं?"

आक्काचे हात कानांवर गेले. "नको चाची! पोरीला काय झालं तं?"

म्हातारीने ते हात खाली ओढले. "पगली, मैं तेरा बुरा नाम रखती? फारसी नाम है. आसमान में तारों का छोटा गुच्छा होता है ना, वही परवीन."

"कृत्तिका," माझ्या तोंडून निघालं. दुसरीच्या लेकराला, कार्तिकेयाला, दूध पाजून वाढवणाऱ्या त्या कृत्तिका. माझ्या अंगावर काटा आला. आक्का मात्र पांढरीफटक पडली. अर्थ कळला होता. आता काय होईल या भीतीने तिने चाचीला तशीच रिक्षात बसवलं.

दवाखान्यात नर्सने अडवलं. "फक्त घरच्या बायका. ह्या कोण?"

चाची मागे सरकली. आक्काने तिचं मनगट धरलं. "माजी आय हाय."

नर्सने एकदा हिच्या कुंकवाकडे, एकदा चाचीच्या बुरख्याकडे पाहिलं. "तुमचं नाव?"

"परवीन," आक्का म्हणाली.

नर्स बाजूला झाली.

पोर पेटीबाहेर काढता येत नव्हती. चाचीने पेटीखालीच ओढणी ओटीसारखी पसरून धरली आणि काचेला तोंड लावून म्हणाली, "शिरीन."

मी दारातून बघत होतो. पोरीची इवलीशी छाती वरखाली होत होती. आक्काचे हात कानांकडे निघाले, अर्ध्यावर थांबले, आणि तिने ते काचेवर टेकवले.

"चाची," तिने विचारलं, "याचा अर्थ काय?"